भेटीची वेळ

“तुरुंगात कळवलंस का, बाई?” सासूबाईंचं दफन आटोपून मंडळी पांगल्यावर चर्चच्या पाळकांनी हळूच विचारलं.

“कुणाला?” थोरली सून म्हणाली आणि मागे न पाहता चालू लागली.

घरात धाकट्या दिराचं नाव काढायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी तो पिऊन गाडी चालवत होता आणि शेजारी त्याचा भाऊ, म्हणजे थोरलीचा नवरा, बसला होता. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. नवरा जागीच गेला. दिराला धड खरचटलंही नाही. तेव्हापासून थोरली लोकांचे कपडे शिवून स्वतःचं आणि सासूचं पोट भरत होती. अंघोळ, औषधं, वेणीफणी, म्हातारीचं सगळं तिने केलं. एक गोष्ट मात्र केली नाही.

“एकदा मला त्याच्याकडे ने ग,” सासूबाई म्हणायच्या. त्यांना दिसेनासं झालं होतं, एकटीने जाणं शक्य नव्हतं. “माझंच पोर आहे ते.”

“माझा नवराही तुमचंच पोर होतं, आई.”

शेवटी शेवटी म्हातारीने विचारणंच सोडलं.

पुढच्या रविवारी पाळकांनी न्यायाच्या दिवसाचा उतारा वाचला. मेंढपाळ मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे काढतो तसा राजा, म्हणजे देव, माणसं निवडतो, आणि डावीकडच्यांना सांगतो की तुरुंगातल्या माणसांत मीच होतो, तुम्ही फिरकला नाहीत, आता माझ्यापुढून चालते व्हा. थोरलीने हे लहानपणापासून ऐकलेलं. डावीकडचे ते लोक म्हणजे कुणीतरी दुसरेच, असं तिने धरून ठेवलं होतं. अलीकडे तर त्यांत पहिला धाकटाच उभा असायचा. आज त्या घोळक्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. त्या लोकांनी चोरी केली नव्हती, कुणाला मारलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते भेटायला गेले नव्हते.

उपासना संपल्यावर तिने पाळकांना गाठलं. “घर त्याने बुडवलं माझं. मग भीती मला का वाटावी?”

“त्याचा हिशेब देव त्याच्याकडे मागेल,” पाळक म्हणाले. “तुला भीती वाटतेय ना? मग दार अजून लागलेलं नाही.”

“पण आई तर गेल्या. आता जाऊन काय उपयोग?”

त्याच आठवड्यात ती तुरुंगात गेली.

जाळीपलीकडे धाकटा येऊन बसला तेव्हा तिला आधी ओळखूच आला नाही. पार वाळला होता.

“वहिनी? आई बरी आहे ना?”

“गेल्या.”

त्याने जाळी घट्ट धरली. “मला कुणी कळवलं नाही.”

“मीच कळवलं नाही.”

“माझी आठवण काढायची?”

त्यांना शेवटी काही उमगत नव्हतं, एवढं खोटं बोलली असती तर दोघंही सुटली असती. शब्द ओठांवर आलेही होते.

“रोज काढायच्या,” थोरली म्हणाली. “तुझ्याकडे ने म्हणून हात जोडले माझ्यापुढे. मी आणलं नाही. माझं चुकलं.”

त्याने जाळी सोडली.

“दादा माझ्या हातून गेला तेव्हा मी प्यालेला होतो,” तो म्हणाला. “तू तर शुद्धीत होतीस.” आणि उठून आत गेला.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. शिपाई आत जाऊन परतला. “येत नाही म्हणतोय. जा बाई घरी, कशाला ताटकळता?”

“वेळ संपेपर्यंत बसते.”

रिकाम्या स्टुलासमोर ती बसून राहिली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्यानंतरच्या खेपेला शिपायाने काही विचारलंच नाही, नुसतं फाटकातून आत घेतलं.

थंडी सुरू झाली तेव्हा एकदा तो आला. तिरका बसला, नजर भिंतीकडे. आजूबाजूच्या जाळ्यांवर लोक एकमेकांना ओरडून निरोप सांगत होते.

“कुठे ठेवलंय तिला?” त्याने विचारलं.

“ह्यांच्या शेजारी. भिंतीच्या बाजूला.”

“माती खचली असेल.”

“खचली. मी भर घातली परत.”

त्याने मान हलवली. घंटा झाली. दोघंही उठली नाहीत, तेव्हा शिपाई येऊन धाकट्याच्या मागे उभा राहिला.