परशुरामचा टोला

एकोणसत्तर सालच्या त्या संध्याकाळी अख्खे मोरवा गाव मैदानात श्वास रोखून उभे होते. अंगात देव आणणाऱ्या धर्माजी भगताने स्वतः आखलेल्या चुन्याच्या रेघेवरून फळीवर दांडू हाणला. खट्! क्षणभराने मिठागराकडून उत्तर आले. खट्!

"ऐकलंव? परशुराम गेला न्हाय, खेळतोय! पण रेघ ओलांडाल तर रुसंल. त्याला हितंच ठाण पायजे."

इंदुबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांचा मुलगा परशुराम, विटीदांडूत गावात पहिला, गेल्या वर्षी खाडीत बुडाला होता. मैदान त्यांच्याच मालकीचे, शाळेला खेळायला दिलेले. आज ते परशुरामच्या ठाणासाठी, त्याची देवळी बांधायला देण्याचा शब्द त्या भगताला देणार होत्या.

"काकी, आधी आमचा एक खेळ बघा," महिपत मास्तर म्हणाले. शास्त्राचा तास ते मैदानातच घेत. त्यांनी परशुरामच्या मुलीला, चंपाला, फळी-दांडू दिला आणि रेघेपुढे मिठागराच्या दिशेने नेले.

"पोरी, बाप रुसंल!" भगत ओरडला.

"बाबा माझ्यावर कधी रुसत नव्हते," चंपा म्हणाली.

वीस पावलांवर तिने फळी वाजवली; उत्तर लवकर आले. आणखी वीस पावलांवर त्याहून लवकर. मिठागराच्या गोदामापाशी मात्र एकच खट्, उत्तर नाही.

"पूर्वी इथे गवताने शाकारलेल्या मिठाच्या राशी होत्या," मास्तर म्हणाले. "आवाज त्यांत मुरे. यंदा पत्र्याचे गोदाम झाले. चेंडू भिंतीवरून परततो, तसा आवाज पत्र्यावरून परततो. जवळ गेलात की इतक्या झटकन परततो, की कानाला वेगळा कळत नाही. कोणी तिथवर जाऊन हे बघू नये, म्हणून ही रेघ!"

"परशुराम रागावून निघून गेला!" भगत गरजला.

चंपा रेघेवर धावली. खट्! खट्!

"आला बघा परत! लय चपळ गडी!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

इंदुबाई हसल्या नाहीत. त्या पत्र्यापाशी गेल्या, त्यावर तळवा टेकला. "परशा," त्यांनी हळूच हाक मारली. कोणीच ओ दिली नाही.

मग वळल्या. "मास्तर, माझं पोर हितं न्हाय. मनातून ठावं व्हतं, पण पटत न्हवतं." त्यांचा आवाज चढला. "धर्माजी, ठाण व्हायचं न्हाय. मैदान पोरांचं हाय. आणि तुम्ही समदे! कुणी रेघ मारली, की हात जोडू नका. पलीकडं जाऊन बघा."