खाप्याची लाइन

नागसेनची आई बायजाबाई जन्मापासून मुकी-बहिरी. खापा गावात ती एकटी राहायची आणि हातांनी बोलायची. ती भाषा कुठल्या शाळेतली नव्हे, मायलेकांनी घरातच जमवलेली. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. म्हणून शहरातून, जरीपटक्यातल्या ऑफिसातून नागसेन रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल लावायचा. दिसली तरच आई बोलली, नाहीतर नाही.

नागसेन चंपतरावांकडे नोकरीला होता. कोराडीपासून खाप्यापर्यंत घरोघरी इंटरनेट त्यांचंच. या चंपतरावांनी सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपशी सौदा केला: त्याचे सिनेमे सुसाट पळवायचे, बाकी सगळा व्हिडिओ दाबून ठेवायचा.

"भाऊ, हे कायद्यात बसत नाही," नागसेन म्हणाला. "सगळ्याइले सारखाच वेग द्या लागते."

"काहून भिऊन राहिला गा? कायदा दिल्लीत हाय, वायर आपल्या हातात हाय. फक्त आवाजाले धक्का लावू नको, म्हणजे कोणी बोंबलत नाही."

नागसेनला नोकरी प्यारी होती. त्यानं मुकाट्यानं सेटिंग केलं आणि रोजच्या सवयीनं तपासलं, "हॅलो, हॅलो, आवाज येते का?" आवाज खणखणीत होता. बहिऱ्या आईचा लेक, आणि आवाज तपासून मोकळा झाला! आता याला काय म्हणावं?

त्या संध्याकाळी आईचे हात पडद्यावर नुसते पुसट फराटे होऊन दिसले. एक बोट दिसायचं, मग सगळं गोठायचं. खाप्याची लाइन मोकळी करणं दोन मिनिटांचं काम होतं, पण ॲपवाली माणसं शेजारच्याच खोलीत बसली होती. उद्या बघू, असं म्हणून नागसेननं म्हाताऱ्या माणसांशी आपण सगळेच करतो तेच केलं. हसला आणि मान डोलावली. आईनं पुन्हा काहीतरी विचारलं. त्यानं पुन्हा होकार दिला. तिचा चेहरा निवळल्यासारखा वाटला, तेव्हा त्याला बरंच वाटलं.

सकाळी शेजारच्या प्रेमिलाकाकूंचा फोन आला. नागसेन खाप्याला पोचला तेव्हा आईला चादरीनं झाकलं होतं.

"काल दुपारपासून छाती धरून बसली होती रे," काकू रडत म्हणाल्या. "संध्याकाळी म्या ऑटो दारात आणला, हाताले धरून ओढलं. नाही आली. आधी फोन दाखवला, मंग रस्त्याकडं बोट केलं. मले वाटलं, तू येऊन राहिला. म्हणून म्या बी तुले फोन नाही केला. जेवली नाही, उंबऱ्यातून हलली नाही. तू येतो म्हटलं होतं का बाबू?"

नागसेनला स्वतःची किळस आली.

"हो म्हटलं होतं काकू," तो म्हणाला. "आई काय विचारून राहिली, ते मले दिसतच नव्हतं."