रविवारची मालिका

अमृतची आई टीव्ही बंद करायला उठली, तशी मनकर्णा म्हणाली, "असू द्या, विहीनबाई. मी ह्याच्यासाठीच आले."

पडद्यावरच्या सासूने सुनेला स्वयंपाकघरात ढकलून बाहेरून कडी घातली होती. दाराखालून धूर येत होता आणि आतून दार बडवल्याचा आवाज. मागच्या रविवारी मालिका इथेच थांबली होती. ते पाहिल्यापासून मनकर्णाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आज सकाळच्या गाडीने ती श्रीगोंद्याहून मिरजगावला आली. लेकीच्या सासरी, चार वर्षांत पहिल्यांदा.

तिची लेक वृषाली, अमृतची पहिली बायको, याच घरात भाजली. पंचनाम्यात स्टोव्हचा भडका लिहिला गेला. दवाखान्यात ती आईच्या कानाशी जे बोलली, ते मनकर्णाने पोलिसांना दोनदा सांगितलं. कागदावर आलं नाही. वृषाली गेली आणि वर्षाच्या आत अमृतने दुसरी बायको केली.

ती, रेश्मा, भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. सातवा महिना होता.

"बंद कर गं ते," अमृत तिला म्हणाला.

रेश्मा हलली नाही. पडद्यावर दार बडवणं थांबलं होतं.

"आमच्या वृषालीच्या येळंला बी कडी भायेरनंच हुती," मनकर्णा रेश्माकडे बघत म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "तिनं सोताच्या तोंडानं सांगितलं मला."

"टीव्हीत काय बी दावत्यात," अमृतची आई म्हणाली.

"व्हय. टीव्हीत पोलीस बी धरून नेत्यात."

अमृतने उठून टीव्ही बंद केला आणि तसाच पाठमोरा उभा राहिला. "रेश्मा, च्या टाक."

या घटकेसाठी मनकर्णा इतकी वर्षं थांबली होती. आता ती नुसती त्याच्या पाठीकडे बघत होती.

रेश्माने मेथीचं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले.

"मावशी, तुमची परतीची गाडी कितीला?"

"चारला."

"माझं माहेर त्याच वाटंवर हाय."

"आत्ताच कुठं निघालीस?" सासूने विचारलं.

"बाळंतपनाला."

"दोन महिने हायेत अजून."

रेश्मा भिंतीला धरून उठली, कपाटावरची पिशवी काढली. अमृत वळला, तशी ती मनकर्णाला हळूच म्हणाली,

"मावशी, मी आतल्या खोलीत कपडे भरंस्तवर तुमी जरा हितं दारात उभ्या ऱ्हाता का?"

मनकर्णा उठली आणि अमृतकडे तोंड करून दारात उभी राहिली.