ती येतेय, जागा करून ठेवा

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुक्या सिनेमावाल्यांनी केलेले उद्योग आपल्या मानगुटीवर बसतील, असं जहूर परकारला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं हसून आणखी एक करक चहा मागवला असता. पण बसले. दोह्यातल्या बिन महमूदमध्ये, बिर्याणीच्या हॉटेलावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येऊन बसले.

जहूर मूळचा राजापूरकडचा. इंडियातले सिनेमे आणून दोह्यातल्या थिएटरांना द्यायचे हा कंपनीचा धंदा, आणि त्यातलं मराठी डिपार्टमेंट म्हणजे जहूर. डिपार्टमेंट म्हणजे एक टेबल आणि एक खुर्ची. मल्याळी सिनेमा असला की थिएटरवाले स्वतः फोन करायचे, हिंदीला पायघड्या. मराठीचं नाव काढलं की म्हणायचे, "जहूरभाई, मराठी लोक कुठे येतात? आले तर पार्किंग फ्री आहे का विचारायला येतात."

तशात 'आत्याचा मुक्काम' नावाचा सिनेमा आला. चार दिवसांसाठी आलेली आत्या घर सोडतच नाही, अशी धमाल कॉमेडी. मालक राहिलनं जहूरला केबिनमध्ये बोलावलं.

"एक थिएटर," राहिल म्हणाला. "दहा नको, एक. गुरुवारपर्यंत नाही मिळालं तर मराठी डिपार्टमेंट खलास."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणजेच डिपार्टमेंट ना?"

खलास म्हणजे नोकरी खलास, नोकरीबरोबर व्हिसा खलास, आणि जहूरची मुलगी हिबा दहावीला. बोर्डाची परीक्षा तोंडावर. अशा वेळी मुलीला उचलून गावी न्यायचं म्हणजे वर्ष गेलंच. वर तिला मराठी समजायची, पण उत्तर ती इंग्लिशमध्ये द्यायची. राजापूरच्या शाळेत तिचं काय झालं असतं?

राहिलनं त्याच्यापुढे एक स्पायरल बाइंडिंगचा गठ्ठा टाकला. नेटवरून उतरवलेलं जुनं पुस्तक. मुक्या सिनेमाच्या काळात स्टुडिओवाले अशी पुस्तकं थिएटर मालकांना पाठवायचे: आमचा सिनेमा लावा, आणि लावलात की गावात असा गाजवा. पेपरात छापायला तयार बातम्या, पोस्टरं, आणि पानोपानी आयडिया. थिएटरच्या दारात पिंजऱ्यात सिंह ठेवा. रस्त्यातून हत्ती फिरवा, पाठीवर बोर्ड लावा.

"ज्यांच्या सिनेमाला तोंड नव्हतं त्यांनी एवढं विकलं," राहिल म्हणाला. "तुमचा तर बोलतो. यल्ला, लागा कामाला!"

हत्ती काही दोह्यात मिळेना. जहूरनं ओळखीनं एक उंट आणला आणि त्याच्या पाठीवर आत्याचं पोस्टर बांधलं. मॉलच्या पार्किंगपाशी सिक्युरिटीवाला म्हणाला, परमिशन दाखवा. जहूर परमिशनवरून वाद घालत असताना उंटानं मान मागे वळवून आत्याला कमरेपर्यंत खाऊन टाकलं. तिथल्या थिएटरच्या मॅनेजरनं ते काचेतून पाहिलं आणि सिनेमा नको म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं उंट न पाहताच नको म्हटलं.

आता राहिला एकच, अबू हमूरच्या मॉलमधल्या थिएटरचा मॅनेजर सुरेश भदाणे. सुरेश नाशिकचा, म्हणजे आपला माणूस. म्हणूनच तो फोन उचलत नव्हता.

मग जहूरला पुस्तकात ते पान सापडलं. थिएटर मालक हाच पहिला प्रेक्षक, त्याला घोर लावा. सिनेमाचं नाव सांगू नका. रोज एक निनावी कार्ड पाठवा, आणि तेही थिएटरवर नाही, घरी. थिएटरवर आलेलं कार्ड टोपलीत जातं, घरी आलेलं नाश्त्याला बसलेल्या माणसाच्या डोक्यात जातं. शेवटच्या दिवशी सिनेमातलं पात्रच नटवून त्याच्यापुढे उभं करा. तो हसेल, आणि हसला की फसला.

जहूरनं बायकोला, रुकैयाला कामाला लावलं. ती मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं.

"काय लिहू?"

"लिही, 'ती येतेय.'"

"कोण ती?"

"तेच तर सांगायचं नाही."

"ओ हिबाचे अब्बा, एखाद्याच्या घरी असलं काही गेलं तर त्याची बायको लाटणं घेऊन उभी राहील."

"अगं, त्याला कळेल ॲड आहे ती. सिनेमावाला माणूस आहे. तू लिही."

रुकैयानं लिहिलं. आतून हिबा ओरडली, "अब्बा, दिस इज सो क्रीपी!" जहूरनं दार लोटून घेतलं. हे सगळं कुणासाठी चाललंय, ते तिला काय माहीत.

पहिलं कार्ड: ती येतेय. दुसरं: तिला आता टाळता येणार नाही. तिसरं: जागा करून ठेवा. दोह्यात घरी पोस्टमन येत नाही, पत्रं सगळी ऑफिसच्या बॉक्सला. म्हणून जहूर रोज ऑफिसला जाताना वाटेत अल सद्दला गाडी थांबवायचा, सुरेशच्या फ्लॅटच्या दाराखालून कार्ड आत सरकवायचा आणि जिन्यानं खाली पळायचा. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला, तरी तो खूश होता. मासा गळाला लागला असणार.

गुरुवारी त्यानं बबीताताईंना नटवलं. बबीताताई महाराष्ट्र मंडळाच्या नाटकातल्या कायमच्या सासूबाई. नऊवारी, पांढरा विग, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात पत्र्याची ट्रंक. अबू हमूरच्या थिएटरवर पोचल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सुरेश सर आज लीव्हवर. फॅमिली मॅटर."

"चला घरी," जहूर म्हणाला. "आजचा गुरुवार गेला तर माझा घास गेला."

"अहो, त्यांच्या घरी काहीतरी झालंय म्हणतोय ना तो?" बबीताताई म्हणाल्या.

"हसले की सगळं ठीक होतं, ताई."

फ्लॅटचं दार सुरेशच्या बायकोनं, नयनानं उघडलं. तिनं नऊवारी पाहिली, ट्रंक पाहिली, डोक्यावर ओढणी घेतली आणि थेट वाकून बबीताताईंच्या पायावर डोकं टेकवलं.

बबीताताई मुरलेल्या नटी. समोरच्यानं नमस्कार केला की आशीर्वाद आपोआप बाहेर पडतो. "अखंड सौभाग्यवती भव!"

नयना थबकली. आवाज ओळखीचा होता. ती हळूहळू सरळ झाली.

"बबीताताई? तुम्ही? मग आई कुठायत?"

"कुठली आई?" बबीताताईंनी जहूरकडे पाहिलं.

आतून ड्रिल मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. सुरेश बाहेर आला. अंगभर सिमेंटची धूळ, हातात ड्रिल. त्याच्या मागे बाथरूमच्या भिंतीवर म्हाताऱ्या माणसांनी धरून उठायचं स्टीलचं हँडल अर्धं बसवलेलं. शेजारच्या खोलीत नवी चादर घातलेला पलंग, खाली पाय घसरू नये म्हणून रबरी मॅट, उशाशी पाण्याचा तांब्या.

जहूरनं पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं. "अभिनंदन! ती आली! 'आत्याचा मुक्काम', शुक्रवारपासून तुमच्या थिएटरात!" आणि त्यानं पोस्टर उलगडलं.

कुणी हसलं नाही.

सुरेशनं पोस्टर पाहिलं. मग फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलेली तीन कार्डं पाहिली. "ही तू टाकलीस?"

"ॲड आहे, सुरेशभाऊ. शंभर वर्षं जुनी टेक्निक."

"ॲड?" सुरेशचा आवाज चढला. "मराठीत कोण ॲड करतं रे इथे? मसाजवाल्याची ॲड इंग्लिशमध्ये येते, टिफिनवाल्याची हिंदीत. मराठीत या गावात एक तर आई बोलते, नाहीतर बहीण भांडते! दाराखालून मराठी कागद आला म्हणजे घरचाच असणार ना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरेशची आई नाशिकला त्याच्या बहिणीकडे, नमिताकडे. नमिता गणपतीत भांडताना म्हणाली होती, "एक दिवस न सांगता आईला विमानात बसवून देईन, मग कळेल." ती येतेय, वाचल्याबरोबर सुरेशला वाटलं, दिलं बसवून. दोह्यातल्या कुणा नाशिककराच्या हातून बहीण घाबरवतेय. नमिता फोन घेत नाही, म्हणून त्यानं अंदाज घ्यायला आईलाच लावला. विचारलं, "काय आई, येतेस ना?"

"म्हातारीला काहीच माहीत नव्हतं," सुरेश म्हणाला. "तिला वाटलं, मी बोलावतोय. रडायलाच लागली फोनवर. शनिवारचं तिकीट काढलंय नमितानं. आत्ता दार वाजलं तर नयनाला वाटलं, न सांगता आजच पाठवली. आता कळलं?"

"मग आई येतायत, ते चांगलंच आहे की," जहूर म्हणाला.

सुरेश ड्रिलवरची धूळ पुसायला लागला. बोलली नयना. "गेली पाच वर्षं व्हिसाचा प्रॉब्लेम सांगतायत हे त्यांना. लोकांना वाटतं, सून नको म्हणते. मी तीन दिवस झाले ती खोली लावतेय. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, कुणीतरी जबरदस्ती केली."

"नयना, तू आत जा."

ती गेली नाही. सुरेशनं ड्रिल टेबलावर ठेवली आणि जहूरच्या अगदी जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "तुला थिएटर पाहिजे ना? देतो. शुक्रवार, शनिवार, दोन्ही संध्याकाळचे शो. पण तू घातलेला घोळ तूच निस्तरायचा. आईला फोन लावतो. तू व्हिसाचा एजंट आहेस. सांग, या वेळी व्हिसा नाही झाला."

"भाऊ, मी? मी कसं..."

"मला जमत नाही. दर वेळी सांगताना ती एक सेकंद गप्प बसते, ते मला ऐकवत नाही. तुझं काय, तुझा धंदाच हा."

जहूरनं नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात हिबाचं टाइमटेबल डोळ्यांपुढे आलं, तिनं टेबलाच्या वर भिंतीला चिकटवलेलं, हिरव्या-गुलाबी पेनांनी रंगवलेलं. सुरेशनं तोपर्यंत फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"आई, हे एजंट आहेत. बोल."

"कोण, बाळा?"

"जहूर, काकू."

"हां, जहूरभाऊ. बरं झालं फोन केलात. मला विचारायचंच होतं. नागलीचे पापड विमानात चालतात का हो? नमिता म्हणते हातातल्या पिशवीत नको. आणि तिथे म्हणे उन्हाळा बाहेर आणि थंडी घरात. मग स्वेटर कुठला घेऊ, जाड की पातळ?"

पाठीमागून चेन ओढल्याचा आवाज आला. म्हातारी बोलता बोलता बॅग भरत होती. बबीताताईंनी विग काढला आणि हातात धरून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"काकू," जहूर म्हणाला, "जरा प्रॉब्लेम झालाय. व्हिसाचा."

एक सेकंद. सुरेश म्हणाला होता तसाच. सुरेश भिंतीवरच्या अर्ध्या हँडलकडे बघत होता.

"असं का," म्हातारी म्हणाली. "होतो तो, दर वेळी होतो. माझ्याच नावाला काहीतरी आहे वाटतं."

"नाही नाही, काकू, नावाला काही नाही. सिस्टिमच..."

"असू द्या हो. बॅग भरली तशी रिकामी करता येते, त्याला काय. पण तुम्हाला कुणी रागावणार नाही ना? सुरेश लहानपणापासून तापट. त्याला म्हणावं, माणसाला बोलू नकोस, त्याच्या हातात काय असतं? तुमची मुलंबाळं आहेत ना तिथे?"

"एक मुलगी आहे. दहावीला."

"मग झालं तर. तिचं नीट होऊ दे. तुमचं काम झालं ना?"

जहूरनं सुरेशकडे पाहिलं. सुरेशनं मान हलवली: सांग, झालं.

"झालं, काकू."

फोन बंद झाला. मग सुरेशनं खुर्चीवर बसून थिएटरवर मेसेज केला आणि स्क्रीन जहूरपुढे धरली. दोन शो. कन्फर्म्ड. नयना त्या लावलेल्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं. सुरेशनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

जिन्यातच जहूरनं रुकैयाला कळवलं. लगेच उत्तर आलं: अल्हमदुलिल्लाह! हिबाला सांगते, आज बाहेर जेवू. राहिलचा मेसेज त्याच्या पाठोपाठ: ब्रिलियंट, हीच टेक्निक पुढच्या पिक्चरला सगळ्या मॅनेजरांच्या घरी करू. जहूरनं फोन खिशात टाकला.

खाली नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, फरशी पुसत होता. सासूबाई येणार म्हणून नयनानं त्याला सकाळीच सांगून ठेवलं असावं, कारण नऊवारीतल्या बबीताताईंना पाहताच तो पोछा टाकून धावत आला आणि त्यांच्या हातातली ट्रंक घेऊ लागला. बबीताताईंनी घाईघाईनं विग पुन्हा डोक्यावर ओढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"माँजी, अभी आए, अभी चले?" मग तो जहूरकडे वळून रागानं म्हणाला, "साब, माँ को ऐसे वापस नहीं भेजते."

जहूर म्हणू शकला असता, अरे बाबा, ही ॲड आहे. तो म्हणाला नाही.

नातूरनं ट्रंक उचलली आणि चकित झाला. पिसासारखी हलकी. त्याचा चेहरा एकदम फुलला.

"खाली है! मतलब माँजी का सामान ऊपर ही है. मतलब वापस आएँगे. कब?"

बबीताताई खाली बघत राहिल्या. नातूर उत्तराची वाट बघत ट्रंक धरून उभा होता.

"इन्शाल्ला," जहूर म्हणाला, आणि गाडीची चावी कुठल्या खिशात आहे ती चाचपडत राहिला.