शालूचं कार्ड

"चौदा महिने झाले. म्हैससुद्धा दहाव्यात मोकळी होते. ह्या पोरीला सोडवा की आता," दवाखान्यातली आया रंगूबाई माझ्या कानाशी पुटपुटली.

हत्यारं उकळायची शेगडी सोडून ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिलेली. मी शालूच्या कार्डावरची बाळंतपणाची तारीख खोडून महिनाभर पुढची घालत होते. वजनाच्या रकान्यात अर्धा पौंड वाढवला आणि कार्ड पेटीत जागच्या जागी ठेवलं.

शालूला जाऊन सहा महिने झाले होते.

आमचं आरोग्य मंडळ म्हणजे डोंबिवलीत स्टेशनापासून पाच मिनिटांवरच्या दोन खोल्या. एकीत तपासणी, दुसरीत बाळंतपणाची खाट. मंडळाला कागदावर नाव मोठं लांबलचक आहे, पण बायका 'बाईंकडे जाते' एवढंच म्हणतात. बाई म्हणजे मंदाकिनीबाई. वीस वर्षांपूर्वी त्या एकट्या चिखल तुडवत कोपर गावात जायच्या, तेव्हा लोक त्यांना दारात उभं करत नसत. मी चौथी शिकलेली. कार्ड कसं लिहायचं, सूज कशी बघायची, बाळाचे ठोके कुठे कान लावून ऐकायचे, सगळं त्यांनी शिकवलं. एक मात्र शिकवलं नाही, की त्या चुकल्या तर काय करायचं. त्या चुकतील असं त्यांच्यासकट कुणाला वाटलं नव्हतं.

बाईंचं विसरणं पावलं न वाजवता आलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं. मग शालू. शालू आली ती पाय सुजवून. बाईंनी घोट्यावर अंगठा दाबला, खळगा पडला, आणि त्या म्हणाल्या, आठवड्याने परत ये. आठवड्याने त्यांनी पहिल्यांदाच बघितल्यासारखा तोच अंगठा दाबला आणि परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही वेळा 'सूज' हा शब्द कार्डावर मी माझ्या हाताने लिहिला. कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं, हे मला कळत होतं. पण बाईंसमोर ते बोलायला जीभ उचलेना. चौथ्या आठवड्यात भर दुपारी शालूला झटके आले, आणि पोटातल्या बाळासकट ती गेली.

बाई अंत्ययात्रेला आल्या, रडल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी सखुबाईला विचारलं, शालूला आणली नाहीस ती?

सखुबाई म्हणजे शालूची आई, कोपरची सुईण. नखं कापून, दोरा उकळून बाळंतपण करायला ती बाईंच्याच हाताखाली शिकली. आणि बाईंच्या हातांनी त्या गावात पहिलं मूल जन्माला आलं ते शालू. सखुबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आनतंय उंद्या."

आईनेच असं म्हटल्यावर आम्ही कोण? बाई रोज सकाळी कार्डांची पेटी चाळत. शालूचं कार्ड दिसलं नाही तर कासावीस होत. म्हणून ते राहिलं. राहिलं म्हणून त्याला तारीख लागली, तारखेमागून वजन. वजन फारच वाढलं की मी नवं कार्ड करून पाचव्या महिन्यापासून पुन्हा सुरुवात करायची.

गुरुवारी, तपासणीच्या दिवशी, बाकाचं खिडकीकडचं टोक बाई मोकळं ठेवायला लावत. तिथे कुणी नवखी बसली की रंगूबाई तिला उठवायची. एकदा मीच एकीला म्हणाले, सरक गं, शालूला जागा दे. माझ्या तोंडून ते सहज गेलं, आणि खोलीतलं कुणीच दचकलं नाही. त्या दिवसापासून मी त्या टोकाकडे बघायचं टाळायला लागले. दार वाजलं की सखुबाईसुद्धा आधी तिकडेच बघायची, हे मी पाहिलं होतं.

आता बाईंनंतरच्या व्यवस्थेची सभा होती. ठाण्याहून सुमेधा नावाची शिकलेली नर्स यायला तयार होती. तिची अट एकच: बाईंनी तपासणी पूर्ण थांबवायची आणि किल्ल्या स्वतःच्या हाताने द्यायच्या. अट रास्त होती. बाहेर बाकावर कलावती बसली होती. आठवा महिना, पहिलटकरीण. गेल्या आठवड्यासारखंच बाईंनी तिला त्या सकाळीही सांगितलं होतं, आठवड्याने परत ये. मी तिला जरा थांबायला सांगून तिच्या घोट्यावर हळूच अंगठा दाबून पाहिला होता. खळगा भरून यायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.

सभेला आमचे चिटणीस अण्णा, सुमेधा, सखुबाई आणि मी. अण्णा निवृत्त मास्तर. त्यांनी मंडळाच्या वाटचालीपासून सुरुवात केली, बाईंच्या त्यागावर आले, तिथून प्रकृतीवर, प्रकृतीवरून हवापालटावर. हवापालटावरून ते नाशिकच्या थंडीपर्यंत पोचले तेव्हा बाईंनी हात वर केला.

"अण्णा, मला काढताय ना? काढा. पण कारण सांगा. एकच."

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. सुमेधा माझ्याकडे बघायला लागली, मी टेबलाकडे.

मग बाईंनी पेटी पुढे ओढली. त्यांची बोटं कार्डांवरून इतकी सराईत फिरली, की क्षणभर मला वाटलं आमचंच काहीतरी चुकतंय. त्यांनी शालूचं कार्ड काढलं, लांब धरून वाचलं आणि समाधानाने हसल्या.

"वजन चांगलं वाढलंय. प्रमोदिनी, अक्षर सुधारलं गं तुझं." मग सुमेधाकडे वळून म्हणाल्या, "माझी कुणावर तक्रार नाही. ह्या मुलीला मी माझ्या हातांनी जगात आणलीये. तिचं एक बाळंतपण करते, आणि त्याच दिवशी किल्ल्या तुझ्या. तोवर तपासणी माझी."

अण्णा पटकन म्हणाले की हे ठीकच झालं. मीही मान हलवली. शरम वाटते सांगायला, पण हलवली. पुढच्या महिन्याची तारीख माझ्या डोक्यात तयारसुद्धा होती.

बाहेरून कलावतीने विचारलं, मी जाऊ का हो घरी? बाई म्हणाल्या, जा. आठवड्याने परत ये.

सखुबाई उठली. आधी दारात जाऊन तिने कलावतीला दंडाला धरून आत आणलं आणि बाईंच्या समोर बसवलं. मग बाईंच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि त्यांचा हात आपल्या हातात धरला. वीस वर्षांत तिने बाईंचा हात असा कधी धरला नव्हता.

"शालू मेली, बाय," ती म्हणाली. "पाय सुजलं व्हतं तिचं. तुमी तीनदा परत ये बोललात, न मी तिला तीनदा परत नेली."