तळ मोजणाऱ्या बोटीची जखम

मी एक जुनी मोजणी बोट आहे, मित्रांनो. नौदलाच्या आवारात मला लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवलं आहे. माझ्या पोटाला एवढं मोठं भोक आहे, की तुमच्यातलं एखादं बारीक पोर त्यातून सहज आरपार जाईल. ते कसं पडलं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म वसईजवळच्या वालीवमधल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये झाला. जन्म कसला, मारच तो! ॲल्युमिनियमचे पत्रे कापले, दाबयंत्राखाली वाकवले, हातोड्यांनी ठोकून आकारात आणले. रचना नावाची वेल्डर तोंडावर काळी काच धरून माझे सांधे जोडायची. एका दुपारी शेजारच्या गाळ्यात सिलिंडर फुटला आणि मधली भिंत माझ्यावर कोसळली. रचना तेव्हा माझ्या पोटाखाली शिरून काम करत होती, म्हणून वाचली. तिचा जोडीदार जितेश बाहेर उभा होता. तो विटांखाली गेला तो गेलाच. काही आठवड्यांनी रचना परत आली, माझा चेपलेला पत्रा बदलला आणि हात फिरवून म्हणाली, "तू तरी धड राहा गं."

मग ट्रेलरवरून मी दूरच्या एका गोदीत गेले. तिथे नौदलासाठी एकाच आराखड्याची चार जहाजं बांधली जात होती, जणू चार बहिणी. इमारतीएवढे पोलादी ठोकळे क्रेनने उचलून एकमेकांना जोडत होते आणि दिवसभर ठिणग्या उडत होत्या. ही लढाईची जहाजं नव्हेत. समुद्राचा तळ मोजायचा आणि त्याचा नकाशा करायचा, म्हणजे मागून येणारं कुणी आपटून फुटणार नाही, हे त्यांचं काम. उथळ पाण्यात एवढं मोठं जहाज जाऊ शकत नाही. तिथे मी जायचे. माझ्या तळाशी सोनार नावाचं यंत्र बसवलं होतं. ते खाली आवाज सोडायचं आणि परत आलेल्या आवाजावरून तळाचं चित्र काढायचं.

पहिल्याच चाचणीत जहाजावरून मला खाली पाण्यात सोडणारी तार तुटली. चाबकासारखी ती जहाजाच्या कठड्यावर बसली आणि कठडा वाकला. मी एकाच कडीवर लोंबकळत राहिले आणि लाटा मला जहाजाच्या कुशीवर आपटत राहिल्या. तरी मी तग धरला. पुढे कितीतरी बंदरांची तोंडं मी मोजली, शाबासकीही मिळवली.

आणि मग आमचं जहाज वसईसमोर आलं.

माझ्यावर लेफ्टनंट उन्नती नावाची अधिकारी होती. आम्ही पाचूबंदरापुढे मोजणी करत होतो, तेवढ्यात एक मच्छीमार बोट सुसाट आली आणि माझ्या कुशीवर आदळली. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ऑगस्टीन हातात सळई घेऊन माझ्यावर उडी मारून चढला. त्याने माझी काच फोडली, मग सोनारचा पडदाही फोडला. मध्ये पडलेल्या उन्नतीच्या कपाळावर सळई बसली आणि तिचा चेहरा रक्ताने भरला. खलाशांनी ऑगस्टीनला खाली पाडून त्याचे हात पिरगाळले. तरी तो ओरडतच होता.

"आमच्या जाल्यांवरून बोट घालता? एवढं पानी मोजता, तर माझा भाऊ मेला तवा कुठं होता तुम्ही?"

"कसा मेला?" कपाळ दाबून धरत उन्नतीने विचारलं.

"पान्याखाली लोखंड हाय कायतरी. अल्पेशची बोट त्याच्यावर फुटली. बुडालेली बार्ज हाय म्हनतात, रेती वाहायची सपाट बोट. चोरून रेती काढनाऱ्याची. बुडाली तवा कोन बोललाच नाय."

"सोडा त्यांना," उन्नती खलाशांना म्हणाली. "काका, जागा दाखवाल?"

जखमेला टाके घालून आणि मला नवा पडदा बसवून ती दुसऱ्या दिवशी परत आली. ऑगस्टीनला तिने माझ्यावर घेतलं. त्याने दाखवलेल्या जागी नुसता चिखल निघाला. तो चिडला, कठड्यावर मुठी आपटू लागला. "बार्ज सरकली असेल, काका. भरती-ओहोटीच्या ओढीने सरकते," उन्नती म्हणाली आणि मला आणखी बाहेर नेऊ लागली. वारा उठला होता. लाटा माझ्यावरून पलीकडे जात होत्या.

अचानक पडद्यावर एक लांबट काळी सावली दिसली. "सापडली!" उन्नती ओरडली. त्याच क्षणी लाटेने मला उचललं आणि खाली आपटलं. बार्जचा उभा लोखंडी खांब माझ्या पोटात घुसला. पुढच्या लाटेने मला त्याच्यावरून ओढून काढलं, तेव्हा पत्रा कागदासारखा फाटत गेला. उन्नती सुकाणूच्या चाकावर फेकली गेली. तिचं खांद्याचं हाड मोडलं. पाणी भसाभसा आत येऊ लागलं.

ऑगस्टीनने ताडपत्री भोकात कोंबली आणि त्यावर पाठ लावून पाय समोरच्या बाकाला रोवले. पत्र्याच्या धारेने त्याची पाठ चिरली जात होती. आत साचलेलं पाणी लाल झालं.

"काका, बाजूला व्हा, मराल!"

"तू बोट हाक, पोरी!" तो दात आवळून म्हणाला. "जागा लिवलीस का? ती पयली लिव!"

एका हाताने तिने जागा नोंदवली आणि त्याच हाताने मला किनाऱ्याच्या वाळूवर चढवलं. ऑगस्टीनला तिथून उचलूनच न्यावं लागलं.

काही महिन्यांनी तो काठी टेकत या आवारात आला. उन्नतीने नवा नकाशा माझ्या कठड्यावर पसरला. पाचूबंदरापुढच्या पाण्यात बुडालेल्या जहाजाची एक बारीकशी खूण होती.

"एवढीच?" ऑगस्टीनने विचारलं. "अल्पेशचं नाव नाय घातलं?"

"नकाशात माणसांची नावं घालत नाहीत, काका. पण आता तिथून जाणारा प्रत्येक जण वळसा घालेल."

त्याने त्या खुणेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, बार्जच्या मालकाने ती बुडाली त्याच दिवशी सांगितलं असतं, तर अल्पेशने ती जागा टाळली असती आणि तो घरी जेवायला गेला असता. तुमच्या हातून काही फुटलं, काही बुडालं, तर मार बसेल म्हणून लपवू नका. मार मी पुष्कळ खाल्ला आहे, तो सोसता येतो. पण पाण्याखाली गुपचूप सोडून दिलेलं लोखंड दुसऱ्याच कुणाचा तरी जीव घेतं.