काकूंविना आंघोळ

महिना होत आला तरी ऊर्मीला न्हाऊ घालायला उमाकाकूच यायच्या. काकू सत्तरच्या दशकात देश सोडून इथे स्कारबरोत आलेल्या, आता निवृत्त. त्यांच्या पायांवर टाकलं की पोर कशी सैल, निवांत पडायची. आणि अवंतिकाने नुसतं उचललं तरी भोकाड. हिला मी आई वाटतच नाही, असं अवंतिकाने मनाशी पक्कंच धरलं होतं. नवऱ्याला, श्रेयसला, ती हे बोलली नव्हती. तो हसला असता.

आज बर्फामुळे काकूंची गाडी निघेना. श्रेयस बाहेर बर्फ शोव्हल करत होता. शेवटी अवंतिका स्वतःच टबात पाय पसरून बसली, ऊर्मीला पायांवर घेतलं आणि टबाच्या कडेला फोन टेकवला. फोनमध्ये काकू.

"पाय जवळ घे गं. घसरगुंडी आहे का ती?"

अवंतिकाने कोपराने पाणी पाहिलं. परत पाहिलं. परत.

"गार होईल आता ते," काकू म्हणाल्या.

पहिला तांब्या पडला आणि ऊर्मीने घर डोक्यावर घेतलं.

"बघा काकू. तुमच्याकडे नाही रडत."

"मी कधी गप्प बसते का? तू आपली ऑपरेशनला बसल्यासारखी. बोल की तिच्याशी."

"काय बोलू?"

"पोटात होती तेव्हा काय ऐकवलंस?"

अवंतिका घरूनच काम करायची, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. "ऑफिसच्या मीटिंगा," ती ओशाळून म्हणाली.

"मग घे मीटिंग."

अवंतिकाने घसा साफ केला. "गुड मॉर्निंग, ऊर्मी. काल पोटात गॅसचा इश्यू होता, तो रात्री क्लोज झाला. आज अजेंड्यावर आंघोळ. अडचण एकच, आईला भीती वाटते."

रडणं अर्ध्यावर थांबलं. ऊर्मीने मान वळवली, आवाजाचा माग काढत तिची नजर अवंतिकाच्या तोंडाकडे आली आणि तिथेच खिळून राहिली. भुवया उंचावलेल्या, ओठांचा चंबू. ओळखीचं माणूस गर्दीत सापडावं तशी.

अवंतिकाचा तांब्या हातातच राहिला.

"बघ की बया कशी बघतेय," काकू म्हणाल्या. "मी एवढे दिवस घासतेय, माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही हिने. मला वाटायचं मी आवडते. कोमट पाणी आवडत होतं बाईसाहेबांना."

अवंतिकाला हसू आलं, डोळेही भरले. तिने आवाज तसाच ठेवला. "पुढचा मुद्दा, मान. इथे दूध साचतं."

ऊर्मी ऐकत होती.

"उद्या रस्ते मोकळे होतील," काकू म्हणाल्या. "येऊ ना मी?"

"या ना," अवंतिका म्हणाली. "चहाला या."